शाल नको, रजई द्या



जुलै-ऑगस्ट लागला की आपल्याकडे सत्कारांचा हंगाम सुरू होतो. अमक्या वस्तीतला मुलगा, बाप हमाल, आई शेतमजूर, पोरगा निघाला लंडनला. चौकात फ्लेक्स लागतो. मुलाचा फोटो एवढासा आणि खाली शुभेच्छुकांचे चेहरे तीस-पस्तीस. विहारात कार्यक्रम होतो, शाल पांघरली जाते, पुढारी माइक सोडत नाहीत, आणि प्रत्येक वक्ता सांगतो की तू बाबासाहेबांच्या पावलावर पाऊल टाकून चाललास. माझेही असे चार सत्कार झाले. चार शाली मिळाल्या. त्यातली एकही मी सोबत नेली नाही, कारण २३ किलोच्या बॅगेत आईने कुकर बसवला होता आणि कुकरच्या आत येसराची पुडी.

चार कार्यक्रमांत मिळून पंचवीस तरी भाषणे झाली असतील. पोरा, उतरल्यावर पहिल्या रात्री अंगावर काय घेणार आहेस, हे एकानेही विचारले नाही.

मी रविवारी संध्याकाळी उतरलो. इंग्लंडमध्ये मोठी दुकाने रविवारी फक्त सहा तास उघडी असतात, १९९४ चा कायदाच आहे तसा. मी पोचलो तेव्हा सगळे बंद. खोलीत पलंग होता, पलंगावर गादी होती आणि गादीवर काहीच नव्हते. तिकडे खोली 'फर्निश्ड' म्हणजे पलंग, टेबल, कपाट. अंथरूण-पांघरूण ज्याचे त्याने आणायचे. फोन बंद पडत आला होता, आणि आपल्या चार्जरचे गोल पाय तिथल्या बोर्डात जात नाहीत, तिथे तीन चपट्या पायांचा प्लग लागतो. दोन शर्ट, वर जाकीट, पायांवर टॉवेल अशी ती रात्र काढली. घरी कपाटात चार शाली होत्या.

एका रात्रीच्या थंडीने कुणी मरत नाही. प्रश्न दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. बँकेत गेलो तर पत्त्याचा पुरावा मागतात. पत्ता हवा तर टिकणारी खोली हवी. खोली हवी तर घरमालक म्हणतो, ब्रिटनमध्ये राहणारा, इथे उत्पन्न असणारा, शक्यतो इथे घर असणारा गॅरंटर आणा. नसेल तर चार-सहा महिन्यांचे भाडे एकरकमी द्या, असे माझ्या वेळी म्हणत. एकरकमी द्यायचे तर पैसे इथल्या खात्यात हवेत. आणि खात्यासाठी पत्ता हवा! त्यात आता व्हिसाचे प्लास्टिकचे कार्ड गेले, २०२४ अखेर ती कार्डे संपली, सगळे ऑनलाइन झाले. घरमालकाला 'शेअर कोड' काढून द्यायचा असतो. तो काढताना ओटीपी भारतातल्या नंबरवर जाणार असेल आणि रोमिंग नसेल, तर बसा स्टेशनवरच्या फुकट वायफायखाली.

आता इथे एक जण हमखास बोलतो. "अरे, हा त्रास सगळ्यांनाच होतो. त्यात जात कुठून आणली?"

सांगतो कुठून आणली. माझ्याच वर्गात पुण्याचा एक मुलगा होता. त्याला विमानतळावर घ्यायला मावशी आली होती. पहिले तीन आठवडे तो मावशीकडे राहिला, म्हणजे घाईने वाईट खोली घ्यायची वेळ आली नाही. बँकेचे कार्ड मावशीच्या पत्त्यावर आले. मावशीचा नवरा गॅरंटर झाला. जुनी रजई, मायक्रोवेव्ह, मावसभावाचा हिवाळी कोट, सगळे गॅरेजमधून निघाले. हिवाळ्यात कुठले बूट घालावेत इथपासून कुठल्या भागात खोली घेऊ नये इथपर्यंतचे ज्ञान रात्रीच्या जेवणाबरोबर मिळाले. तो मुलगा चांगला होता, मला प्लगचा अडॅप्टर त्यानेच दिला. पण डिसेंबरात तो एका गप्पांत म्हणाला, "आपण दोघंही शून्यातून उभे राहिलो ना." त्याला तसे खरेच वाटत होते.

हे शून्य नाही मित्रांनो. ही तीन पिढ्यांची ठेव आहे. ज्यांचे आजोबा शिकले, ज्यांचे काका साठ-सत्तरच्या दशकात डॉक्टर होऊन ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत लागले, ज्यांच्या आत्या आयटीच्या लाटेत गेल्या, त्यांच्या मुलांना परदेश म्हणजे नातेवाइकाचे गाव आहे. आपले आजोबा त्या काळात गावकीच्या कामातून मान सोडवत होते. जात अपमान करते, हे आपण रोज बोलतो. जात रजई पुरवते, पत्ता पुरवते, सही करायला काका पुरवते, हे आपण बोलत नाही. आणि ज्यांना ती पुरवली जाते त्यांना ती जात वाटतच नाही. 'ओळख' वाटते, 'फॅमिली फ्रेंड' वाटते, स्वतःची गुणवत्ताही वाटते.

मग ज्याला मावशी नाही तो कुठे जातो? तो आपल्या देशाच्या लोकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप शोधतो. जाहिरात येते : डबल रूम, बिले धरून, स्टेशनपासून आठ मिनिटे, ओन्ली प्युअर व्हेज. फोन लावला की पहिले दोन प्रश्न गोड असतात. कुठले तुम्ही? काय शिकता? तिसरा प्रश्न : पूर्ण नाव काय? मी आडनाव सांगितले की खोली 'कालच गेली' असायची. एकदा तीच 'गेलेली' खोली मी त्या पुण्याच्या मित्राच्या फोनवरून विचारली. ती परत आली होती.

यातली एक गंमत सांगतो. ब्रिटनच्या नियमांप्रमाणे भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मटण आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, तूप कस्टमवाला काढून घेऊ शकतो. सुकी मासळी मात्र वैयक्तिक वापरासाठी २० किलोपर्यंत आणता येते. माझ्या बोंबलाच्या पिशवीला ब्रिटनच्या सरकारची हरकत नव्हती. हरकत होती ती तिथे पंधरा वर्षे राहून पासपोर्ट बदललेल्या, पण चूल न बदललेल्या आपल्याच देशबांधवांची.

बाबासाहेबांचे नाव प्रत्येक सत्कारात घेतले जाते, तर बाबासाहेबांना खोली कशी मिळाली ते तरी वाचा. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. बडोद्याची शिष्यवृत्ती होती, महिन्याला साडेअकरा पौंड. आधी कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉलमध्ये उतरले, तिथले जेवण मानवले नाही, मग कॉस्मोपॉलिटन क्लब, मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर. परक्या देशात जागा मिळाली, मित्र मिळाला. आणि १९१७ मध्ये तेच बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा त्या अख्ख्या शहरात त्यांना खोली मिळाली नाही. पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव जिन्यावर आला. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सभ्य शब्दांत नाही म्हटले. शेवटी कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या लिखाणात हे सगळे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या लिखाणाचे नाव काय आहे बघा. व्हिसासाठी थांबलेला माणूस स्वतःच्याच देशात थांबला आहे.

यात एक तपशील आपण नेहमी गाळतो. १९२० मध्ये बाबासाहेब अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले ते कशाच्या बळावर? सिडनेहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांची मदत, आणि त्याच नवल भथेनांकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज. बाबासाहेबांएवढ्या बुद्धीच्या माणसालाही एक राजा आणि एक मित्र लागला. आपल्या पोरांना मात्र आपण म्हणतो, जिद्द ठेव.

जिद्दीने पौंड पिकत नाहीत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत ब्रिटनमधल्या विद्यार्थ्याला निर्वाहभत्ता अनेक वर्षे दरसाल ९,९०० पौंड राहिला. महिन्याला पडतात ८२५. आणि २०२५ च्या सुरुवातीला खुद्द ब्रिटनच्या गृहखात्याने व्हिसासाठी लंडनमधल्या विद्यार्थ्याचा महिन्याचा खर्च धरला तो १,४८३ पौंड. वजाबाकी तुम्हीच करा. त्याच वर्षी या शिष्यवृत्तीला १०६ जण निवडले गेले आणि पहिल्या फेरीत पत्रे मिळाली ४० जणांना. बाकीच्यांना सांगितले गेले की निधी असेल तर बघू. विद्यापीठाची प्रवेशाची तारीख 'बघू' या शब्दाला थांबत नाही. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या अटींवरूनही २०२४ मध्ये आंदोलन करावे लागले. हे लढे चळवळीने लढले पाहिजेत आणि लढते आहे. पण लढा जिंकला तरी पहिला हप्ता उतरल्या दिवशी हातात पडत नाही. माझा पडला नाही. मधले दिवस मी वर्गातल्या एका नायजेरियन मित्राकडून उसने घेऊन काढले, हे आईला अजून माहीत नाही.

इथपर्यंत दुसऱ्यांचे बोललो. आता आपले.

आपली माणसे परदेशात नाहीत असे नाही. इंजिनिअर आहेत, डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत. १४ एप्रिलला किंग हेन्रीज रोडच्या घरासमोर फोटोला गर्दी करतात. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहत होते ते हे घर, महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले; पुढे संग्रहालयाच्या परवानगीसाठी स्थानिक कौन्सिलशी भांडावे लागले आणि २०२० मध्ये ती मिळाली. ते स्मारक हवेच. माझा प्रश्न फोटोनंतरचा आहे. त्या गर्दीतल्या किती जणांनी आजवर एका तरी नव्या मुलाला महिनाभर आपल्या पत्त्यावर पत्र मागवू दिले? किती जण गॅरंटर झाले? काही जण तर आडनाव आखूड करून बसले आहेत आणि आपल्या मुलांचा फोन आला की त्यांना घाम फुटतो, ऑफिसात कळेल म्हणून. त्यांची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण भीतीने कुणाची खोली गेली याचा हिशेब कुणीतरी मांडला पाहिजे.

माझ्यापासून मांडतो. दुसऱ्या वर्षी एका मुलीचा मेसेज आला, "दादा, खोलीबद्दल विचारायचं होतं." प्रबंध चालू होता. वाचला आणि ठेवून दिला. आठ दिवसांनी उत्तर दिले तेव्हा तिने खोली घेऊन टाकली होती. एका देशी कुटुंबाच्या राहत्या घरातली खोली, ५०० पौंड रोख डिपॉझिट, पावती नाही. नोव्हेंबरात घरमालकिणीने तिच्या टेबलावरची बाबासाहेबांची तसबीर पाहिली. मग स्वयंपाकघराचे वेळापत्रक आले. मग तिची भांडी वेगळ्या कप्प्यात गेली. मग 'आमच्याकडे पाहुणे येणार आहेत, आठ दिवसांत बघ.' डिपॉझिट परत मिळाले नाही. ती मुलगी मला अजूनही दादा म्हणते. मला ते ऐकताना बरे वाटत नाही.

तिला एवढेच माहीत असायला हवे होते : स्वतंत्र भाडेकरू म्हणून घर घेतले तर इंग्लंडमध्ये डिपॉझिट साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करावे लागते. घरमालकाच्याच घरात 'लॉजर' म्हणून राहिलात तर डिपॉझिट अशा योजनेत जमा करायचे बंधन नसते. खोली कोणाकडे घेता यापेक्षा कुठल्या नात्याने घेता हे आधी विचारायचे असते.

आणि जातीविरुद्ध कायदा? ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा उल्लेख आणण्याची तरतूद झाली, २०१३ मध्ये संसदेने ती सरकारवर बंधनकारक केली, आणि २०१८ मध्ये सरकारने सांगितले की वेगळी तरतूद करणार नाही, न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत. यातला मुख्य निकाल तिर्की विरुद्ध चंडोक. पर्मिला तिर्की ही आदिवासी बाई भारतातून घरकामासाठी नेली गेली. साडेचार वर्षे राबवली, तासाला पडत होते ११ पेन्स, झोपायला जमिनीवर गादी, पासपोर्ट मालकांकडे. २०१४ मध्ये अपिलातल्या न्यायाधिकरणाने म्हटले की जात 'वांशिक मूळ' या शब्दांत बसू शकते. पुढच्या वर्षी तिला १ लाख ८० हजार पौंडांहून अधिक रकमेचा हुकूम झाला. पण खोली 'कालच गेली' म्हणणाऱ्याविरुद्ध तिकडे नुकताच उतरलेला पोरगा कुठल्या न्यायाधिकरणात जाणार? त्याला आधी रात्र काढायची आहे. म्हणून कायदा पाहिजे आणि रजईही पाहिजे, दोन्ही एकाच वेळी.

काही तरुण मित्र म्हणतात, परदेशात जाऊनही आपलाच ग्रुप कशाला, तो पण जातीचाच झाला ना? वुल्व्हरहॅम्प्टनला जाऊन या, उत्तर मिळेल. पन्नास-साठच्या दशकात पंजाबातले आपले बांधव मिडलँड्सच्या कारखान्यांत कामाला आले. तिथेही जात पोचली होतीच. त्यांनी वाट पाहिली नाही. बेडफर्ड, बर्मिंगहॅम, साउथॉल इथे रविदास सभा, वाल्मीकी सभा उभ्या केल्या. वुल्व्हरहॅम्प्टनला डॉ. आंबेडकर मेमोरियल कमिटीने बुद्ध विहार बांधला. हे सगळे शिष्यवृत्तीवाले नव्हते, भट्टीवर काम करणारे मजूर होते. मी पहिल्यांदा एका रविदास सभेत गेलो तेव्हा लंगरात शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी नाव नंतर विचारले. आधी विचारले, थंडीचे कपडे आहेत का. आपली मराठी मुले या ठिकाणांपासून तीस मिनिटांवर राहतात आणि कित्येकांना ती माहीतच नसतात. सवर्णांचा ग्रुप दार बंद करण्यासाठी असतो. भट्टीवरच्या त्या माणसांचा ग्रुप बंद दारांमुळे झाला होता. दोन्हींना एकाच मापाने मोजणे हा आळस आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडे कामाचे. रविवारी उतरू नका. विद्यापीठाकडून बँकेच्या नावाने पत्र मिळते, ते पहिल्याच दिवशी मागा. दरम्यान मोबाइलवर उघडणाऱ्या बँका आहेत, मोंझोसारख्या. दवाखान्यात नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. काउंटरवरची बाई मागते, तिला शांतपणे सांगा की एनएचएसचा नियम तसा नाही. व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्याचा अधिभार भरलेला असतो, तेव्हा हा उपकार नाही. पूर्णवेळ विद्यार्थ्याला कौन्सिल टॅक्स नसतो, पण ते तुम्ही कळवावे लागते. न कळवल्यास बिल येते आणि पोरे घाबरून भरतात. नॅशनल इन्शुरन्स नंबर फुकट मिळतो, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. काही विद्यापीठे स्वतः गॅरंटर होतात, विचारल्याशिवाय सांगत नाहीत. भांडी चॅरिटीच्या दुकानांत स्वस्त मिळतात. आणि वसतिगृहात फोडणी देताना खिडकी उघडा. माझ्या पहिल्या फोडणीने चार मजले रस्त्यावर आले होते.

सत्कार करणाऱ्यांसाठी एकच. एका कार्यक्रमाला मंडप, फ्लेक्स, शाली, चहा-नाश्ता धरून जो खर्च येतो त्यात एका मुलाचे पहिल्या महिन्याचे किराणा, प्रवास आणि अंथरूण-पांघरूण निघते. फ्लेक्स लावायचाच असेल तर लावा, पण त्यावरच्या शुभेच्छुकांकडून डोक्यामागे पाचशे रुपये आधी घ्या आणि पाकीट मुलाच्या हातात द्या. गेल्या वर्षी मराठवाड्यातल्या एका गावातल्या पोरांनी असे केले. पुढारी रुसले. पोरगा वेळेवर खोलीत गेला.

आणि तिकडे असलेल्यांसाठी : आम्ही सात-आठ जणांनी मिळून एक खोके केले आहे. दोन रजया, उश्या, तीन अडॅप्टर, सिमकार्डे, एक जाड कोट आणि माझा तो कुकर. जो येतो तो वापरतो, आपले घेतले की धुऊन पुढच्याला देतो. गेल्या सप्टेंबरात ते लंडनहून लेस्टरला गेले, जानेवारीत कॉव्हेंट्रीला. गॅरंटर व्हायला आमच्यातले दोघे तयार आहेत, तिसरा बायकोला विचारतो आहे. ती मुलगी आता यादी सांभाळते आणि मेसेजला त्याच दिवशी उत्तर देते. कुकरची शिटी कॉव्हेंट्रीत हरवली आहे. सप्टेंबरात येणाऱ्यांपैकी कुणीतरी पाच लिटरच्या कुकरची शिटी घेऊन या.